अनुमोदकाची बॅग

मित्रांनो, माझा फोटो एकदा सिंगापूरच्या वर्तमानपत्रात आला होता. तुम्ही तो पाहिला असला तरी तुमचे लक्ष माझ्याकडे गेले नसणार, कारण फोटोत माझा मालक हसत होता आणि मी नुसती त्याच्या हातात लटकत होते. मी एक जुनी, तपकिरी, चामड्याची बॅग आहे. माझे पितळी कुलूप काळवंडले आहे, एक कोपरा झिजून मऊ पडला आहे आणि आता माझे फोटो कोणी काढत नाही. त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. ज्या दिवसांत फोटो निघत होते, त्या दिवसांची मला आजही शिसारी येते. ती हकिकत तुम्हाला सांगावी असे बरेच दिवस मनात होते.

माझा जन्म जालान बेसारजवळच्या एका जुन्या इमारतीच्या माडीवर झाला. तिथे एक चिनी जोडपे बॅगा शिवत असे. नवरा चामडे निवडायचा. प्रत्येक तुकडा नाकाजवळ नेऊन हुंगायचा आणि बहुतेक तुकडे नाक मुरडून परत पाठवायचा. बायको मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालायची. दोघे दिवसभर भांडत, पण हातातले काम बिघडू देत नसत. त्यांच्या हातून मी तयार झाले याचा मला अभिमान आहे. पुढे मी ज्या लोकांत वावरले, त्यांच्यात स्वतःचे काम स्वतः करणारी माणसे फार थोडी भेटली.

माडीवरून मी लिटिल इंडियातल्या एका दुकानाच्या काचेत आले. समोर मिठाईचे दुकान होते, शेजारी गजरेवाली बसायची. तूप आणि मोगरा यांच्या वासात माझे काही महिने बरे गेले. दोन हजार सात सालच्या सुरुवातीला संजीवनी नावाची एक बाई कढीपत्ता आणि नारळ घेऊन तिथून चालली होती. ती थांबली, आत आली, तिने मला उघडले, कप्प्यांत हात घालून पाहिले आणि बोटाने माझे टाके तपासले.

"आमच्या ह्यांना पार्लमेंटमध्ये न्यायला हवी आहे," ती दुकानदाराला म्हणाली. "चांगली टिकेल ना?"

तिच्या बोलण्यात नवऱ्याचे कौतुक होते. ते कौतुक अगदी खरे होते, म्हणून मीही फसले.

हे "ह्यांना" म्हणजे चंद्रशेखर निरगुडकर. मुंबईहून आलेला बँकेतला मोठा अधिकारी. त्याला सिंगापूरचे नागरिकत्व घेऊन बरीच वर्षे झाली होती. नोव्हेनाजवळ एका काँडोत, म्हणजे खाजगी संकुलातल्या फ्लॅटमध्ये, तो, संजीवनी आणि त्यांची शाळकरी मुलगी इरा राहत. सिंगापूरच्या संसदेत निवडणूक न लढवता नेमले जाणारे काही खासदार असतात. समाजातल्या जाणत्या माणसांनी तिथे जाऊन चार वेगळे विचार मांडावेत, अशी त्यामागची कल्पना. त्या वर्षी नेमलेल्यांत चंद्रशेखरचे नाव होते. आता वेगळा विचार मांडायचा म्हणजे आधी विचार करावा लागतो, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नसावी.

मित्रांनो, संसदेचा एक साधा नियम आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे कळेल. नवा कायदा हवा असेल तर त्याचा मसुदा विधेयक म्हणून सभागृहात मांडावा लागतो. जो मांडतो तो सूचक. जे त्याला आपले नाव देऊन पाठिंबा देतात ते अनुमोदक. तिथे जवळजवळ सगळी विधेयके मंत्रीच मांडतात. एखाद्या साध्या सभासदाने स्वतःचे विधेयक आणणे फार क्वचित घडते, कारण त्याला अभ्यास लागतो, धडपड लागते आणि हसे करून घेण्याची तयारी लागते. बाकीचे सभासद कधीमधी लहानसहान प्रस्ताव आणि सूचना आणतात.

चंद्रशेखरने यातली सोपी बाजू पहिल्याच महिन्यात ओळखली. तो अनुमोदक झाला. कोणी म्हणाले, खाद्यकेंद्राजवळ कबुतरांना दाणे टाकू देऊ नयेत, की ह्याचे अनुमोदन. कोणी म्हणाले, गोड पेयांच्या बाटल्यांवर इशारा छापावा, की ह्याचे अनुमोदन. मसुदे माझ्या पोटात यायचे आणि ज्या घडीत आले त्याच घडीत बाहेर जायचे. पहिल्या पानाच्या खाली त्याचा अंगठासुद्धा कधी सरकला नाही. सही मात्र तो फार मन लावून करायचा.

एकदा एकाच आठवड्यात दोन प्रस्ताव त्याच्याकडे आले. एकात फुटपाथवर सायकली चालवायला परवानगी द्यावी असे होते, दुसऱ्यात ती मुळीच देऊ नये असे होते. ह्या गृहस्थाने दोन्हींवर सह्या केल्या. त्याच्या शेजारच्या जागेवर मिसेस फून बसत. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी दोन्ही कागद त्याच्यापुढे धरले.

"मिस्टर निरगुडकर, तुम्ही दोन्हीकडे आहात," त्या म्हणाल्या.

चंद्रशेखर जरासुद्धा गोंधळला नाही. "मी सायकलस्वारांच्या बाजूने आहे," तो म्हणाला, "आणि पादचाऱ्यांच्याही."

मिसेस फून यांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. एवढी वर्षे शाळेत काढलेल्या बाईला असली मुले नवीन नव्हती. मला त्या क्षणी त्याच्या गुडघ्यावर बसल्याची लाज वाटली.

घरी इरा त्याचे संकेतस्थळ सांभाळायची. तिथे ‘माझे संसदीय कार्य’ असे एक पान होते. त्यावर तो दर आठवड्याला आकडा बदलायला लावायचा.

"पप्पा, यू नेव्हर इव्हन रीड दीज थिंग्ज, ला," एकदा ती इथल्या मुलांसारखा शेवटी ‘ला’ जोडत म्हणाली.

"रेकॉर्ड वाचून होत नाही, बाळा," तो म्हणाला. "रेकॉर्ड नाव देऊन होतं."

आणि खरेच, लोक तो आकडा पाहून भारावून जायचे. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत त्याला पुढच्या रांगेत बसवत. "आपला माणूस पार्लमेंटमध्ये किती काम करतो," असे म्हणत. त्यातल्या एकानेही कधी विचारले नाही की कसले काम. त्यांचीही मला कीव येत असे.

अशाच एका कार्यक्रमात, दोन हजार आठ सालच्या गणपतीत, निशिगंधा त्याला भेटली. ती बिशानला सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये वडिलांबरोबर राहत होती. ती एका जहाज कंपनीत अकाउंटंट होती, म्हणजे होती असेच म्हणायला हवे. तिचे वडील पद्माकर यांना अर्धांगाचा झटका आला होता आणि पाठोपाठ विसरण्याचा आजार जडला. घरी ठेवलेली मदतनीस स्वतःच्या आईच्या आजारपणासाठी इंडोनेशियाला परत गेली. निशिगंधाच्या रजा संपल्या, मग बिनपगारी रजाही संपल्या, आणि एक दिवस साहेबाने तिला गोड शब्दांत राजीनामा द्यायला सांगितले.

ती रडत बसली नाही. नोव्हेनाच्या इस्पितळात तिच्यासारखी आणखी काही माणसे होती. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणाचा नवरा. ती सगळी इस्पितळाच्या कँटीनमध्ये जमू लागली. एका वकिलाची आई तिथेच उपचार घेत होती. त्याच्या मदतीने त्यांनी एका विधेयकाचा मसुदा तयार केला. मागणी साधी होती. घरात कोणी गंभीर आजारी असेल तर नोकरी करणाऱ्याला काही आठवडे बिनपगारी रजा मिळावी आणि परत आल्यावर त्याची खुर्ची शाबूत असावी. त्यासाठी ती वर्षभर कागद लिहीत आणि खोडत होती. तिला हवा होता एक खासदार. आणि तिच्या दुर्दैवाने आमच्या ह्यांचे रेकॉर्ड फार मोठे होते.

ती काँडोत आली त्या संध्याकाळी मी दिवाणखान्यात सोफ्याजवळ उभी होते. संजीवनीने चहा केला. निशिगंधाने वडिलांबद्दल फारसे सांगितले नाही, ती मसुद्याबद्दलच बोलत होती. कोणते कलम का घातले, कोणते का काढले. चंद्रशेखर मान हलवत होता. त्याची नजर खिडकीबाहेर होती.

"शेखरदादा, तुम्ही अनुमोदक म्हणून नाव दिलंत तरी पुष्कळ होईल," ती शेवटी म्हणाली. "सूचक आम्ही शोधू."

त्याचे डोळे एकदम चमकले. त्याच्या पानावर ‘मांडलेली विधेयके’ या शब्दांपुढे शून्य होते, आणि ते शून्य त्याला फार खुपत असे.

"अनुमोदक कशाला?" तो म्हणाला. "हे मी मांडणार. सूचक म्हणून."

निशिगंधाने चहाचा कप खाली ठेवला. "दादा, तुम्ही खरंच उभे राहाल ना शेवटपर्यंत?" तिने विचारले.

"अगं, माझ्या घरात का म्हातारी माणसं नव्हती?" तो म्हणाला. संजीवनीने त्याच्याकडे मोठ्या प्रेमाने पाहिले. त्याची आई मुंबईला शेवटची दोन वर्षे अंथरुणात होती आणि तिचे सगळे संजीवनीने तिकडे राहून केले होते. तो अंत्यविधीला आला होता. हे मला नंतर कळले, नाहीतर त्याच दिवशी माझे कुलूप मी घट्ट मिटून घेतले असते.

पुढच्या आठवड्यात तो फोटो निघाला. वर्तमानपत्राचा माणूस बिशानच्या फ्लॅटमध्ये आला. चंद्रशेखर पद्माकर काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि त्याने त्यांचा लुळा हात आपल्या हातात घेतला. काकांनी त्याला चहा घ्यायचा आग्रह केला, परत परत केला, आणि त्याने परत परत हसून नाही म्हटले. फोटोवाला म्हणाला, जाताना एक बॅगेसकट काढू, कामाचा माणूस वाटेल. तो फोटो छापून आला. जे छापून आले नाही ते सांगते. लिफ्टचे दार बंद झाल्याबरोबर त्याने माझ्या बाजूच्या कप्प्यातून ओला टिश्यू काढला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पुसले. मग दुसरा काढला आणि पुन्हा पुसले. ते टिश्यू त्याने मलाच सांभाळायला दिले.

विधेयक दाखल झाले. सभागृहात त्याने फक्त त्याचे नाव वाचले. पहिल्या पायरीला तेवढेच लागते. खरी चर्चा दुसऱ्या वाचनाला, नोव्हेंबरमध्ये होणार होती. मिसेस फून यांनी आपणहून अनुमोदन दिले. त्यांनी मसुदा घरी नेऊन वाचला होता, समासात पेन्सिलने शंका लिहिल्या होत्या, आणि त्या शंका घेऊन त्या बसने बिशानला निशिगंधाकडे गेल्या होत्या. इराने शून्य पुसून एक केला. आमचे हे फार खूश होते.

पण त्याच सुमारास जगभरच्या बँका डळमळू लागल्या. सिंगापुरात माणसे कामावरून काढली जाऊ लागली. चंद्रशेखरच्या बँकेतला त्याचा वरिष्ठ, प्रताप नावाचा, त्याला नदीकाठच्या एका हॉटेलात जेवायला घेऊन गेला. मी टेबलाखाली दोघांच्या बुटांमध्ये उभी होते.

"शेखर, ही वेळ आहे का रजा मागायची?" प्रताप म्हणाला. "मालक लोक नाराज आहेत. उद्या सगळेच म्हणतील, माझी आई आजारी आहे."

"मी बोललोय त्या लोकांना," चंद्रशेखर म्हणाला. "पेपरात आलंय. आता मागे घेतलं तर वाईट दिसेल."

"मागे घे कोण म्हणतंय? सूचक जागेवर नसला तर काय होतं?"

"नाव पुकारतात. उठलं नाही कोणी, तर विधेयक बारगळतं."

"मग झालं," प्रताप म्हणाला. "माणसाची तब्येत काय, कधीही बिघडू शकते. पुढच्या वर्षी तुझी नेमणूक पुन्हा व्हायला हवी ना? वर आमच्याही ओळखी आहेत."

माझी समजूत होती की तो निदान थोडा वेळ तरी गप्प बसेल. त्याने वेटरला बोलावून आणखी मासा मागवला.

दुसऱ्या वाचनाचा दिवस आला. वरच्या गॅलरीत निशिगंधा आणि तिच्या गटातली माणसे येऊन बसली होती. कुणी भावाला, कुणी शेजारणीला घरी आजाऱ्याजवळ बसवून आले होते. संजीवनीही त्यांच्यात होती. तिने जरीकाठी साडी नेसली होती. नवरा पहिल्यांदाच सूचक म्हणून बोलणार होता.

चंद्रशेखर वेळेवर आला. त्याने वर पाहून हात केला. मग सभागृहात बंदराच्या कामकाजावर काही चालू असताना त्याने मला उचलून आपल्या आसनावर ठेवले, अगदी मधोमध, जणू तो आत्ता येतोच आहे, आणि बाजूच्या दाराने बाहेर गेला. भाषण माझ्या पोटात होते. त्याने ते लिहिलेही नव्हते, निशिगंधाने लिहिले होते.

सभापतींनी विधेयकाचे नाव घेतले. मग सूचकाचे नाव घेतले. सगळे सभागृह आसनाकडे पाहू लागले आणि आसनावर मी होते. मला तोंड असते तर मी बोलले असते. भाषण माझ्या आतच होते, मला फक्त कुणीतरी उघडायला हवे होते.

सभापतींनी नाव पुन्हा पुकारले. काही सभासद आपापल्या कागदांत डोके खुपसून बसले. त्यांना काय झाले ते लगेच कळले होते, आणि त्यांचे चेहरे पाहून वाटले, बरे झाले असेच त्यांना वाटते आहे. मिसेस फून उभ्या राहिल्या.

"सभापती महोदय, मी अनुमोदक आहे," त्या म्हणाल्या. "माननीय सदस्य क्षणभर बाहेर असावेत. मला हे विधेयक मांडू द्यावे."

"सूचकाची लेखी परवानगी आहे का?" सभापतींनी विचारले.

"नाही."

"मग नियमाने मला ते करता येणार नाही."

मिसेस फून लगेच बसल्या नाहीत. "वर गॅलरीत बसलेली माणसे आजारी माणसाला दुसऱ्याच्या हवाली करून आली आहेत," त्या म्हणाल्या. "एवढेच नोंदीत यावे." मग त्या बसल्या. सभापतींनी पुढचा विषय घेतला.

पुढचा विषय बराच पुढे गेल्यावर आमचे हे परत आले. मला उचलून खाली जमिनीवर ठेवले आणि रुमालाने ओठ टिपत बसले. मिसेस फून यांनी आपली खुर्ची थोडी पलीकडे सरकवली.

कामकाज संपल्यावर बाहेरच्या दालनात निशिगंधा उभी होती. तिच्या मागे तिची माणसे, आणि जरा बाजूला संजीवनी.

"काय सांगू, एकदम पोटात कळ आली," चंद्रशेखर म्हणाला. "उभं राहवेना. मेडिकल रूममध्ये पडून होतो. माझ्या हातात काही नव्हतं, निशिगंधा."

निशिगंधाने त्याच्याकडे पाहिले. "आता बरं वाटतंय का?" तिने विचारले. ती खरेच विचारत होती. आजाऱ्यांत राहून तिला ती सवयच झाली होती.

"आता ठीक आहे. आपण पुन्हा आणू. पुढच्या सत्रात बघू."

संजीवनी पुढे आली. तिने हात वर करून त्याच्या टायवरून करी पफचा, म्हणजे संसदेच्या कँटीनमध्ये मिळणाऱ्या करंजीसारख्या तिखट पदार्थाचा, एक पापुद्रा दोन बोटांनी उचलला. तो तिने नीट पाहिला.

"पोट बिघडलं होतं ना?" ती म्हणाली.

निशिगंधाने पापुद्रा पाहिला, संजीवनीला पाहिले, आणि सगळे तिच्या लक्षात आले.

"शेखरदादा, माझे कागद परत द्या," ती म्हणाली.

त्याने मला उघडले आणि कागद दिले. तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळून, सगळे आहेत ना पाहून, ते पिशवीत ठेवले आणि ती निघाली. बिशानला तिचे वडील शेजारणीकडे होते आणि शेजारीण संध्याकाळी कामावर जाणार होती. संजीवनी गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. तो मात्र घरापर्यंत बोलत होता. बँकांची परिस्थिती, देशाचा विचार, निशिगंधाचा उतावळेपणा. एवढे सलग तो सभागृहातही कधी बोलला नव्हता.

संकेतस्थळावरचा एकचा आकडा तसाच राहिला. "मांडलं तर मी होतंच ना?" तो इराला म्हणाला. "पास झालं असं कुठे म्हटलंय?" इराने हेडफोन कानात घातले.

त्याची मुदत पुढच्या वर्षी संपली. पुन्हा नेमणूक झाली नाही. प्रतापच्या ओळखी वरपर्यंत नव्हत्या, किंवा वर कुणीतरी ती रिकामी खुर्ची पाहिली होती. कारण काहीही असो, मला त्या दिवशी हलके वाटले.

तरी मराठी मंडळाने त्याचा सत्कार ठेवला. मंडळाला सत्कार करायला कोणीतरी लागतेच. बिशानच्या एका शाळेचा हॉल घेतला, शाल आणि नारळ आणले. चंद्रशेखर मला घेऊन व्यासपीठावर चढला आणि त्याने मला टेबलावर, सगळ्यांना दिसेल असे ठेवले. विक्रांत नावाचा एक तरुण इंजिनिअर सूत्रसंचालन करत होता. त्याने संकेतस्थळावरचे पान छापून आणले होते आणि तो एकेक अनुमोदन वाचत होता. कबुतरे आली, बाटल्या आल्या, सायकली दोनदा आल्या. दर वेळी टाळ्या पडत होत्या. शेवटी तो म्हणाला, "आणि स्वतः मांडलेले विधेयक, एक. आजारी आईवडिलांची सेवा करणाऱ्यांसाठी." या वेळी टाळ्या बराच वेळ चालल्या. चंद्रशेखरने डोळे मिटून मान खाली घातली. तो नम्र दिसण्याचा सराव आरशासमोर करायचा, हे मी पाहिले आहे.

मग विक्रांत म्हणाला, "संजीवनी वहिनींनी दोन शब्द बोलावेत. त्यांच्या साथीशिवाय हे शक्य नव्हतं."

संजीवनी उठली. तिच्या हातात कागद नव्हता. ती माइकसमोर उभी राहिली आणि तिने आधी घसा साफ केला.

"ज्या विधेयकाला तुम्ही आत्ता टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली, "त्याच्या वाचनाला मी गॅलरीत होते. यांचं नाव दोनदा पुकारलं. यांच्या खुर्चीवर ही बॅग होती. हे खाली कँटीनमध्ये करी पफ खात होते. आजारी नव्हते."

चंद्रशेखर हसत म्हणाला, "संजू, हे काय चाललंय?"

"तो मसुदा निशिगंधानं केला होता," संजीवनी पुढे म्हणाली. "ती इथून दोन ब्लॉक पलीकडे राहते. आज ती आली नाही, कारण वडिलांना एकटं सोडता येत नाही. तुमच्यापैकी कोणी कधी तिच्याकडे गेलंय का, मला माहीत नाही. मीही गेले नव्हते. आता जाते."

एवढे बोलून तिने मला ओढून घेतले आणि टेबलावर उलटे केले. त्याचे छापील परिचय, वर्तमानपत्राची कात्रणे, पेने, सगळे शालीवर आणि नारळावर पडले. एका गृहस्थाने सवयीने दोन टाळ्या वाजवल्या आणि मग हात मांडीखाली दडवले. संजीवनीने मला खांद्याला लावले आणि ती हॉलबाहेर पडली. इरा तिच्या मागे धावत आली.

त्या दिवशी निशिगंधाने दार उघडले तेव्हा ती बराच वेळ उंबऱ्यातच उभी होती. तिने आत या म्हटले नाही.

"वहिनी, मला आता विधेयकाबद्दल काही बोलायचं नाही," ती म्हणाली.

"मला त्यातलं काही कळतही नाही," संजीवनी म्हणाली. "सासूबाईंचं दोन वर्षं केलंय, तेवढं मला येतं. तू नोकरी शोध. मी दुपारची येऊन बसेन काकांजवळ."

निशिगंधा दारातून बाजूला झाली.

मित्रांनो, आता मी संजीवनीबरोबर नोव्हेनाहून बिशानला एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, ये-जा करते. माझ्या पोटात औषधे असतात, प्रौढांचे डायपर असतात, मऊ भाताचा डबा असतो. माझा वास बदलला आहे आणि कुणा खासदाराच्या हातात मी आता शोभणार नाही. निशिगंधाला एका लहान फर्ममध्ये काम मिळाले. मिसेस फून यांचीही मुदत संपली, पण त्या अधूनमधून येतात आणि नव्या सभासदांकडे तो मसुदा घेऊन जाण्याविषयी निशिगंधाशी बोलतात. अजून कोणी सूचक मिळालेला नाही. दोघी प्रत्येक सभासदाला आधी विचारतात, तुम्ही हे वाचले आहे का. बरेचजण तिथेच संपतात.

चंद्रशेखरने नवी बॅग घेतली. संजीवनी त्याच घरात राहते, पण दुपारी कुठे जातेस असे तिला विचारायची त्याची छाती होत नाही. परवा बिशानला इराने आईला फोनवर संकेतस्थळाचे ते पान दाखवले. त्यावर नवी ओळ आली होती, ‘कुटुंबामार्फत वृद्धसेवेच्या कार्यास सक्रिय अनुमोदन.’

"सो शेमलेस, ला," इरा म्हणाली. "डिलीट करू?"

संजीवनीने ती ओळ वाचली आणि फोन परत दिला. "असू दे," ती म्हणाली. "मला नेलकटर दे. काकांची नखं वाढलीत."

मित्रांनो, माझ्यासारख्या बॅगेची निगा राखणे अवघड नाही. इथल्या दमट हवेत चामड्याला लवकर बुरशी धरते, म्हणून तिला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसावे आणि पंख्याखाली उघडी ठेवावी. माणसांच्या बाबतीत मात्र माझी तुम्हाला एक कळकळीची विनंती आहे. कोणी मदत मागायला आले आणि ती करायची तुमची तयारी नसेल, तर नाव देऊ नका. दारातच सांगा की मला जमणार नाही. ऐकणाऱ्याला वाईट वाटेल, पण तो पुढचे दार तरी ठोठावील.